पाचवी तार

दस्तगीरचाचांनी हेडफोन काढले
आणि विचारलं,
पाचवी तार कुणी चढवली रे?

तंबोऱ्याला तारा चार.
एक पंचम, दोन जोड, एक खर्ज.
मी कान लावला. होती.
खर्जाच्या मागं, लांब,
पिठाच्या गिरणीसारखी
एक बारीक घरघर.

माझ्या कॉम्प्युटरचा पंखा.
जयसिंगपूरच्या एका सीएनं टाकून दिलेला डबा,
अठराशेला आणलेला,
एक जीबी रॅम,
सीडीच्या फटीत तुणीच्या लाकडाचा भुसा.
त्याच्यावरच रेकॉर्डिंग, त्याच्यावरूनच वाटप:
दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तंबोऱ्याचा
तासभराचा आवाज,
ज्याला पाहिजे त्यानं उतरवून घ्यावा,
रियाजाला, फुकट.

कल्पना माझी.
चाचा म्हणाले होते, वास फुकट दिलास
तर अत्तर कोण घेईल?
मग पॉलिशचा बोळा फिरवता फिरवता
स्वतःच म्हणाले,
अत्तरवाले तेच तर करतात.

पण वाटपाचं ते सॉफ्टवेअर!
कोपऱ्यात रम्मीची जाहिरात,
हिरव्यानिळ्या पट्ट्या, वरखाली होणारे आलेख,
दर आठवड्याला हट्ट, मला नवं करा,
आणि नवं केलं की आणखी जड.
द्यायची असते एक फाइल,
चार अनोळखी माणसांना.
त्यासाठी बँडबाजा लावून बसलेलं.

त्या रात्री ते काढून टाकलं.
काढताना त्यानं तीनदा विचारलं, नक्की?
चौथ्यांदा विचारलं, का?

मग काळा पडदा.
वरच्या कोपऱ्यात एक चौकोन, उघडझाप करणारा.
एक ओळ टाइप केली, चुकली.
दुसरी चुकली.
आडव्या रेघा दोन पाहिजे होत्या, मी एक दिली होती.
हे मला ओळखीचं होतं.
घोडीवर, तारेखाली, सुताचा धागा असतो,
केसभर सरकला
तर तार बोबडी बोलते,
आणि चाचा तासन् तास
तोच धागा ओढत बसतात,
जेवायला हाक मारली तरी.

पाचव्यांदा बसला.
फाइलचं नाव. टक्के. वेग.
बस्स.
बटण नाही, चित्र नाही.
मेमरी बघितली: अकरा एमबी.
माझा विश्वास बसेना, पुन्हा बघितली.

आणि पंखा थांबला.

इतकी वर्षं त्या खोलीत झोपतोय,
भिंतीवरचे कोरडे भोपळे
वाऱ्यानं एकमेकांना लागतात
हे ठाऊक नव्हतं.
जंक्शनवर मालगाडी शंटिंग करत होती.
डबा डब्याला भिडला की
खुंटीवरच्या एका जुन्या सतारीची तरफ
जरा थरथरायची.

सकाळी चाचा भोपळा कोरायला बसले.
भीमाकाठचा, मोठ्या घेराचा.
गर काढला, जाळी काढली, खरवडत राहिले,
मधे मधे बोटाच्या पेरानं टकटक करून ऐकायचे,
पुन्हा खरवडायचे.
बिया मात्र वेगळ्या काढल्या.
त्या कागदात बांधून
त्याच शेतकऱ्याला परत जातात, दरवर्षी.

मान न वळवता म्हणाले, बंद पडलं का ते?
नाही, चालू आहे.
दिसत तर काहीच नाही.
एक जण घेतोय. त्रेचाळीस टक्के झाले.
कुठला?
माहीत नाही. नुसते आकडे येतात.
बाई का माणूस?
आकडे, चाचा.

दुपारी नवं रेकॉर्डिंग ऐकवलं.
त्यांनी हात पुसले, हेडफोन लावले, डोळे मिटले.
मांडीवर बोटं चालली,
पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं.
अंगठा उचललेला, तसाच राहिला अधांतरी
कितीतरी वेळ.

मग कपाळाला आठी पडली.
मधेच कुणीतरी खोकलंय.
तुम्हीच, म्हटलं.

राहू दे मग.